घरट्यांचे अध्यक्ष

सभेला आम्ही बारा जण होतो आणि पदं निघाली अकरा. उरलो मी. म्हणून मला सभासद केलं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. मास्तरांना वरून पत्र आलं होतं की गावातल्या तरुणांना निसर्गाच्या कामात ओढा, त्यांचं मंडळ काढा, आणि फोटो पाठवा. मास्तरांनी पत्र खालून वर वाचलं असावं. त्यांनी आधी फोटो काढला, मग मंडळ काढलं, आणि निसर्गाचं तुमचं तुम्ही बघा म्हणून घरी निघून गेले. मागं राहिले अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सहखजिनदार, संघटक, प्रवक्ता, प्रसिद्धिप्रमुख आणि सल्लागार. सल्लागाराला सतरावं लागलं होतं.

अध्यक्षपदावरून तासभर वाजलं. शेवटी ते भावीकडं गेलं. भावीचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाचा बोर्ड चौकात लागतो, त्यावर त्याच्या फोटोखाली ‘भावी’ असं लिहिलेलं असतं. कशाचा भावी, ते दरवर्षी बदलतं. शिंप्याची थोरली मुलगी कपड्याला काजं करून उशिरा आली, तेव्हा सहखजिनदार तेवढं शिल्लक होतं. ते तिनं घेतलं आणि गप्प बसली.

“आणि तात्या सभासद,” भावी म्हणाला. “एक तरी सभासद पाहिजेच. नाहीतर आम्ही पदाधिकारी कुणाचे?”

मला पदाचं काही नव्हतं. मी टिटव्यांसाठी गेलो होतो.

ओढ्याच्या कडेला आम्हा सात घरांची जमीन सलग आहे. पीक निघालं की ती उन्हाळाभर ढेकळं वर काढून पडून राहते, आणि टिटव्या तिथं उघड्यावर अंडी घालतात. घरटं म्हणजे काय, तर पायानं उकरलेला वाटीएवढा खळगा आणि त्यात चार खडे. अंड्याचा रंग मातीचा, डाग ढेकळाचे. उन्हाळा संपता संपता ट्रॅक्टर येतो आणि तीन दिवसांत सगळी पट्टी नांगरून जातो. तीस-बत्तीस वर्षं माझी बायको त्या नांगराच्या पुढं चालत होती. आधी बैल होते तेव्हाही, नंतर ट्रॅक्टर आला तेव्हाही. ती हात वर करायची, औत थांबायचं, थोडं वळून पुढं जायचं. सगळ्या पट्टीत तिला कुणी नाही म्हणत नसे. मी म्हणायचो, चिमणीकावळ्यांचा संसार कसला सांभाळतेस, घरी ये, जेवायचं आहे. ती घरटं कसं शोधते हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायला पुष्कळ वेळ आहे असं वाटायचं.

मागच्या वर्षी नांगरटीच्या वेळी ती दवाखान्यात होती. खाटेवरून तिनं विचारलं, “किती सोडली?” मी शेताकडं गेलोच नव्हतो. पण तिच्या तोंडाकडं बघून म्हणालो, पाच. तिनं डोळे मिटले. म्हणाली, पाच म्हणजे बरी आहेत. पंधरवड्यात ती गेली. नंतर मी शेतात गेलो तर एक टिटवी नांगरलेल्या मातीत एकाच जागी येऊन उभी राहत होती.

म्हणून यंदा मला पाच घरटी वाचवायची होती. जास्त नको होती. पण पाच तरी पाहिजे होती.

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. चष्मा लावून मी चार दिवस बांधावर बसलो. टिटव्या माझ्यावर ओरडायच्या. ओरडतील तिथं मी जायचो, तर तिथं काहीच नसायचं. मला ढेकळं अंड्यांसारखी दिसायला लागली. एकदा मी अर्धा तास दोन खड्यांची राखण केली.

म्हणून तरुण डोळे पाहिजेत म्हटलं आणि मंडळात गेलो. तर मंडळानं काय केलं? मोबाईलवर गट काढला. त्यात मला दिवसाला सात-आठ आदेश यायला लागले. अध्यक्ष म्हणायचे, सभासदांनी घरट्यांचा शोध घ्यावा. सचिव म्हणायचे, शोधाचा अहवाल द्यावा. संघटक म्हणायचे, सभासदांनी संघटित राहावं. मी एकटा किती संघटित राहणार? प्रवक्ता तर मी काय करतोय हे मलाच कळवायचा. शिंप्याची पोर तेवढी काही लिहीत नसे.

दुसऱ्या सभेत मी उभा राहिलो आणि राजीनामा दिला.

 अकरा जणांनी एकमेकांकडं बघितलं. भावी उठून माझ्याजवळ आला, माझा हात धरला आणि म्हणाला की तात्या, काही चुकलं असेल तर पोटात घाला, पण तुम्ही गेलात तर मंडळ बसतं. उपाध्यक्षांनी पाणी आणलं. बायको गेल्यावर इतक्या लोकांनी मला धरून ठेवलं नव्हतं.

मी म्हणालो, राहतो, पण एका अटीवर. प्रत्येक घरट्याला स्वतःचा अध्यक्ष पाहिजे. जो घरटं शोधेल तो त्याचा अध्यक्ष. त्या घरट्यापुरतं त्याच्यावर कुणी नाही, भावीसुद्धा नाही.

सल्लागारानं जपून विचारलं, “पूर्ण अध्यक्ष? म्हणजे कार्याध्यक्ष वगैरे नाही ना?”

“पूर्ण,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडायला सगळं मंडळ बांधावर हजर. त्यातल्या काहींना त्यांच्या आयांनी सकाळचं बघितलंच नव्हतं कित्येक महिन्यांत. टिटवी ओरडली की दहा जण तिकडं धावायचे. ती तिथून उडून भलतीकडं बसायची आणि पुन्हा ओरडायची, की दहा जण तिकडं. दोन तासांत त्या पाखरानं त्यांना सगळी पट्टी पायाखाली घालायला लावली. प्रवक्त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. खजिनदार ओढ्यात पडला, ओढा कोरडा होता तरी.

शिंप्याची पोर माझ्याशेजारी बांधावर बसून होती. ती कुठंही गेली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “तात्या, ती ओरडते तिथं घरटं नसतंच. ओरडून आपल्याला लांब नेते. ओरडायची थांबली की मान खाली घालून चालत जाते, ते बघायचं.”

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. म्हणाली, “काकूंनी. मी लहान असताना त्यांच्याबरोबर यायची ना.”

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या घरातलं माणूस काय करतं ते शिंप्याच्या पोरीला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली, सरळ चालत गेली आणि थांबली. मला हातानं बोलावलं. मी गेलो. ती बोट दाखवत होती आणि मला नुसती माती दिसत होती. मी खाली वाकलो, बसलो, चष्मा पुसला. मग चार अंडी एकदम दिसली. टोकं आत करून नीट मांडलेली, कुणी हातानं ठेवावीत तशी. इतका वेळ ती का दिसली नव्हती, ते काही केल्या कळेना.

आठ दिवसांत आठ घरटी सापडली. त्यातली तीन एकट्या तिची. पण भावीनं हरकत घेतली की एक व्यक्ती एक पद हे मंडळाचं धोरण आहे. तेव्हा तिच्या दोन घरट्यांवर नवीन नेमणुका झाल्या आणि त्यातली एक, बांधावरून न हलता, भावीला मिळाली. पोर म्हणाली, चालेल. मी हातावर हिशेब केला, आठातली पाच कशीही राहतील. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आणि तिथंच आम्ही माती खाल्ली.

अध्यक्ष झाले म्हटल्यावर बोर्ड आलाच. प्रसिद्धिप्रमुखानं शहरातून आठ बोर्ड करून आणले. माणसाच्या छातीएवढे उंच. वर लिहिलेलं, घरटे क्रमांक अमुक. खाली अध्यक्षाचा फोटो, काळा चष्मा घातलेला, कानाला मोबाईल. एका कोपऱ्यात टिटवीचं चित्र, पण ते दुसऱ्याच कुठल्या पाखराचं निघालं. हे बोर्ड त्यांनी घरट्यापासून दोन हातांवर रोवले. शिंप्याच्या पोरीनं आपला फोटो नको म्हणून सांगितलं, तर तिच्या बोर्डावर नुसता काळा चष्मा छापून आला.

मीही अडवलं नाही, हे सांगायला पाहिजे. मला वाटलं, ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसतील. मी त्या बोर्डांकडं बघून खूष होतो. पोर एकदा म्हणाली की काकू काठीसुद्धा रोवत नसत. मी म्हणालो, तिला बोर्ड कुठं परवडत होता.

सगळ्या त्या पट्टीत झाड नाही, खांब नाही. उघड्या रानात कावळ्याला बसायला आम्ही आठ जागा करून दिल्या. तो बोर्डावर बसायचा, खाली बघायचा, आणि खाली चार अंडी. टिटवी अंगावर जायची, पण कावळे दोघे असले की तिचं चालत नसे. तीन दिवसांत तीन घरटी गेली. चौथ्यावर पाखरू परत आलंच नाही, बोर्डाच्या फडफडण्याला भ्यालं असावं. ती अंडी उन्हात तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर भावी आपल्या घरट्यापाशी उकिडवा बसला होता. खळग्यात कवचं होती. बोर्डावर, त्याच्या फोटोच्या डोक्यावरून खाली कावळ्याची शीट ओघळली होती, काळ्या चष्म्यापर्यंत.

“माझ्या डोक्यावर बसून खाल्ली तात्या,” तो म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच वेळी वाईट वाटलं. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं. मी त्याला म्हणालो की चूक माझी पण आहे.  तो उठला, बोर्ड उपटला, मग जाऊन बाकीचे सातही उपटले आणि सगळे डोक्यावर घेऊन घरी गेला. पुढं त्याच्या आईनं ते गोठ्याच्या पत्र्याखाली लावले, म्हशीला सावली झाली.

राहिली चार. मी आणि पोर त्यानंतर दहा दिवस फिरलो, पण पाचवं सापडलं नाही. उन्हाळा उतरणीला लागला होता, घालायची त्या पाखरांनी अंडी घालून झाली होती. मंडळात आता घरट्यांचे चार अध्यक्ष होते आणि चार माजी अध्यक्ष. माजी जास्त काम करायचे. आळीपाळीनं लांब बसायचे, कुत्री हाकलायचे, कावळ्यांना ढेकळं मारायचे. मोबाईलच्या गटावर आदेश बंद झाले. फक्त यायचं, दोन नंबर ठीक, सहा नंबर ठीक.

मग ट्रॅक्टर आला.

ट्रॅक्टरवाला आमच्या भागातला नावाजलेला माणूस. अंगानं आडवा, बोलायला तुटक, आणि नांगराच्या सरळपणाचा त्याला फार अभिमान. दुसऱ्याच्या रानातून जाताना तो थांबून नांगराची ओळ, म्हणजे तास, बघतो आणि मान हलवतो. माझ्या बायकोचं तो ऐकायचा. पण ते एका बाईचं एका हातानं थांबवणं होतं. आता बोर्ड नाही, काठी नाही, म्हणून चार घरट्यांपाशी दहा-दहा पावलांवर पोरं स्वतः उभी राहिली होती. भर उन्हात, खुणेसारखी. त्यानं गाडी बांधावर थांबवली आणि मला विचारलं की ही बुजगावणी कुणी लावली.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की काकूंची गोष्ट वेगळी होती, त्या एखाद-दुसरं दाखवायच्या. हे चार ठिकाणी मधोमध बेटं सोडायची म्हणजे लोक म्हणतील, याला आता दिसत नाही. वर आभाळाकडं बोट दाखवलं, परवा पाऊस धरणार, पुढच्या गावची रानं पडून आहेत. आणि गाडी सुरू केली.

पहिलं घरटं शिंप्याच्या पोरीचं. ट्रॅक्टर तिच्या रेषेत निघाला. भावी कुठून धावत आला कोण जाणे, आडवा उभा राहिला. त्याचं तिथं आता काहीच पद नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

“बाजूला हो.”

“नाही होत.”

“तू कोण?”

भावीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता पद सांगणार.  “कुणी नाही,” तो म्हणाला. “पण राहिलेली बेटं आम्ही कुदळीनं खणून देऊ. पिल्लं गेली की दुसऱ्या दिवशी. सगळे मिळून.”

ट्रॅक्टरवाला म्हणाला, खणलेलं खणलेलंच दिसतं, नांगरलेल्यासारखं दिसत नाही. तास मधेच तुटणार, तो तुटणारच.

तेव्हा पोर जागेवरूनच बोलली. ती फार हळू बोलते, म्हणून त्याला इंजिन बंद करावं लागलं.

“वळू नका,” ती म्हणाली. “घरटं दोन चाकांच्या मधे घ्या. नांगर आधी उचला, पलीकडं परत त्याच रेषेत टाका. पण अवघड आहे ते. जमत नसेल तर राहू द्या.”

ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी आभाळाकडं बघितलं.

“जमत नसेल म्हणजे?” तो म्हणाला.

तो खाली उतरला. पावलं टाकून अंतर मोजलं. पोरीला विचारून अंडी बघितली, त्यालाही ती लवकर दिसली नाहीत, पण त्यानं तसं सांगितलं नाही. परत वर चढला आणि पहिल्या गिअरमधे निघाला. टिटवी अंड्यांच्या पुढं पंख उघडून उभी होती. कबुतराएवढं पाखरू, आणि समोर ते धूड. ती ओरडत होती, सरकत नव्हती. पुढचं चाक हातभर राहिलं तेव्हा ती दोन पावलं बाजूला झाली, तिथून ओरडत राहिली. नांगर वर उचललेला. ट्रॅक्टर अंड्यांवरून असा गेला जसं आपण झोपलेल्या मुलावरून पाय टाकतो. मागची चाकं पुढं सरकली, आणि नांगर पलीकडं मातीत पडायच्या आत टिटवी परत अंड्यांवर बसली होती.

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं. टिटवीकडं नाही, तासाकडं. तास दोरीत होता.

मग मात्र त्याला आवरणं कठीण झालं. दुसऱ्या घरट्याला तो प्रसिद्धिप्रमुखाला म्हणाला, मोबाईल काढ. तिसऱ्याला एकाच हातानं चक्र धरून दाखवलं. चौथं झाल्यावर विचारलं, “बस, चारच? अजून नाहीत?”

मी म्हणालो, नाहीत.

तो नांगरायला निघून गेला, मी बांधावर बसलो. चार. पाच झाली नव्हती. मी तिला पाच सांगितली होती, आणि इतक्या जणांनी मिळून, इतकी उन्हं खाऊन चार झाली होती. आणि पाचवं होतं की, आठ होती. ती आम्हीच कावळ्यांना दाखवली. हे मी कुणाला बोललो नाही. भावी शेजारी येऊन बसला. दोघं बराच वेळ नांगर बघत बसलो.

पाऊस दोन दिवस हुलकावणी देऊन गेला. आठवड्यानं सकाळी पोरीचा निरोप आला, एक नंबरला पिल्लं निघाली, लगेच या. मी चपला अडकवून निघालो. न्याहारी तशीच राहिली.

न नांगरलेली पट्टी खाटेएवढी होती. खळगा रिकामा. पिल्लं अंड्यातून निघाली की दिवसभरात घरटं सोडतात, पोर म्हणाली. म्हणजे तिचंही अध्यक्षपद सकाळीच संपलं होतं. बाकीचे बांधावर गोळा झाले होते. आणखी तीन अध्यक्ष दोन-चार दिवसांचेच सोबती होते, आणि त्यावरून आताच कुरबुर चालली होती की पुढं काय. कुणीतरी ओढ्याच्या डोहातली कासवं सुचवत होतं. सल्लागार विचारत होता, कासवं किती आहेत, अकरा भरतील का.

मी ढेकळांतून चालत होतो. टिटवी कुठूनशी आली आणि डोक्यावर ओरडायला लागली.

“तात्या, थांबा,” पोर हळूच म्हणाली. “हलू नका. पिल्लू तुमच्या डाव्या पायाशी आहे.”

मी एक पाय पुढं, एक मागं, असा थांबलो. खाली बघितलं. मातीशिवाय काही दिसेना.

“कुठं?”

“अंगठ्याजवळ. आई ओरडली की ती गप्प पडून राहतात. आई गप्प होईपर्यंत हलू नका.”

ती गप्प व्हायला तयार नव्हती. माझ्या टोपीवर दोनदा झडप घालून गेली. तिसऱ्यांदा टोपी पडली. बांधावरून दहा जणांनी एकदम सांगितलं की हलू नका. रस्त्यानं सायकलवरून दूधवाला चालला होता. तो थांबला, उन्हात बोडक्या डोक्यानं एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, आणि ओरडून विचारलं, “तात्या, बरं आहे ना?”

मी मान हलवली नाही. मान तरी कशी हलवणार.

खाली बघत राहिलो. बराच वेळ ढेकूळ, माती, माझा अंगठा. मग ढेकळाच्या एका कडेला डोळा दिसला. मोहरीएवढा, काळा, उघडा. मागून पाठ दिसली, मग डोकं, मग सगळंच दिसलं. पोरीनं नंतर विचारलं की कितव्या मिनिटाला दिसलं. मी मोजलं नव्हतं.

वर टिटवी ओरडत होती. खाली ते माझ्या चपलेला टेकून पडून होतं, आणि त्याचा श्वास चाललेला दिसत होता.

पायाला मुंग्या आल्या. येऊ दिल्या.